पेठ कशी वसते?

मराठींत घर बांधतात, वाडा बांधतात, पूल बांधतात. पेठ मात्र कोणी बांधीत नाहीं, पेठ वसवितात. हा भेद आपल्या भाषेनें फार शहाणपणानें जपलेला आहे. बांधण्यास दगड, चुना, गवंडी आणि सुतार पुरे होतात. वसविण्यास माणसें यावीं लागतात; नुसतें येऊन भागत नाहीं, तीं टिकावीं लागतात, त्यांचा धंदा चालावा लागतो, आणि त्यांच्या लेकीसुनांना घागरभर पाण्यासाठीं कोसभर जावें लागूं नये अशी तजवीज आधीं व्हावी लागते.

जुन्या गांवाला नवी पेठ कशी जोडावी हा प्रश्न आज पुन्हां आपल्यापुढें उभा आहे. कोणत्याहि तालुक्याच्या गांवाबाहेर चार पावलें गेलें, कीं शेतांत रोंवलेले पांढरे दगड दिसतात. जमीन बिगरशेती झालेली असते, भूखंडांना क्रमांक पडलेले असतात, वस्तीला एखादें गोंडस नांवहि मिळालेलें असतें. या आंखणीची पुढें पेठ होणार, कीं नुसती घरांची रांग होणार, हें कशावर अवलंबून असतें, याचा इतिहासाच्या आधारें विचार करावा, एवढाच आजच्या भाषणाचा हेतु आहे.

उदाहरणासाठीं सोलापूर जिल्ह्यांतील दुधनी घेऊं. अक्कलकोट तालुक्यांत, कर्नाटकाच्या सीमेला लागून हें गांव आहे. मुंबईहून निघालेला ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीचा लोहमार्ग १८६० सालीं सोलापुरास पोंचला, आणि १८७१ सालीं रायचुरास जाऊन मद्रासकडून येणाऱ्या मार्गास मिळाला. या दुसऱ्या टप्प्यावर, अक्कलकोट रोड आणि गाणगापूर रोड या दोन स्थानकांच्या दरम्यान दुधनीचें स्थानक आहे. येथें मराठी आणि कानडी या दोन्ही भाषांत सौदा होतो. गांवाला नगरपरिषद आहे, शेतमालाची बाजार समिती आहे. आगगाडी आल्यावर अशा सर्वच गांवांचें तोंड फिरलें. जो बाजार शतकानुशतकें वेशीकडे पाहत होता, तो स्थानकाकडे पाहूं लागला. जुनें गांवठाण एकीकडे, अडतीचीं दुकानें दुसरीकडे, आणि मधल्या रिकाम्या जागेचें काय करावें हा प्रश्न पिढ्यानपिढ्या शिल्लक, अशी रेल्वेकांठच्या पुष्कळ गांवांची स्थिति आहे. मोठ्या शहरांच्या विस्तारासाठीं तज्ज्ञ बोलावतात. दहा-वीस हजार वस्तीच्या गांवाचा विस्तार मात्र बहुधा आपोआप होतो. म्हणून पूर्वीच्या लोकांनीं हें काम कसें केलें तें पाहणें अशा गांवांच्या विशेष उपयोगाचें आहे.

महाराष्ट्रांत या विद्येची सर्वांत मोठी पाठशाळा म्हणजे पुणें. सन १६३० च्या सुमारास विजापूरच्या मुरार जगदेवानें पुणें उद्ध्वस्त केलें. त्यानंतर कांहीं वर्षांनीं जिजाबाई बाल शिवाजीसह तेथें आल्या, आणि दादोजी कोंडदेवांच्या कारभारांत गांव पुन्हां उभें राहिलें. सोन्याच्या फाळाचा नांगर फिरवून भूमि पवित्र केली अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेचा भाग सोडून दिला, तरी तिच्यांतील मर्म खरें आहे. ओसाड केलेल्या जागेंत लोक पुन्हां येऊन राहावयाचे, तर 'येथें आतां भय नाहीं' अशी कोणी तरी जाहीर ग्वाही द्यावी लागते. सोन्याचा नांगर ही ती ग्वाही होती.

पुढें पुण्याभोंवतीं एकामागून एक पेठा वसत गेल्या. कांहीं पेठा पेशवाईच्या आधींच्या होत्या. त्यांचीं जुनीं नांवें मलकापूर, शहापूर, अष्टापूर, मुर्तजाबाद अशीं होतीं, आणि आज आपण त्यांना रविवार, सोमवार, मंगळवार, शनिवार म्हणून ओळखतों. औरंगजेबाचा मुक्काम १७०३ सालीं पुण्यास होता. बुधवार पेठेचें मूळ नांव मुहियाबाद तें त्या वेळचें. शनिवारवाड्याचें काम १७३० च्या जानेवारींत सुरू झालें, १७३२ च्या जानेवारींत वास्तुशांति झाली, आणि दोनच वर्षांनीं, १७३४ मध्यें, जिवाजीपंत खासगीवाल्यांनीं शुक्रवार पेठ वसविली. राजवाडा उठतो तेथें मागोमाग पेठ लागते, हा क्रम ध्यानांत घेण्यासारखा आहे. नंतरच्या काळांत सदाशिव, नारायण, गणेश, भवानी, रास्ते, घोरपडे, नाना अशी पेठांची माळ तयार झाली. पेशवाई संपली त्या सुमारास पुण्याची वस्ती लाखाच्या घरांत होती असा अंदाज आहे. पावणेदोनशें-दोनशें वर्षांपूर्वी उजाड पडलेल्या कसब्याचें हें रूप झालें, तें केवळ राजधानीच्या नांवामुळें झालें नाहीं. पेठ वसविण्याची एक ठरलेली रीत होती, आणि ती कसोशीनें पाळली जात असे.

त्या रीतींत पहिली गोष्ट कौल. मराठींत कौल शब्दाला तीन अर्थ आहेत. देवाला कौल लावतात. घरावर कौलें घालतात. आणि सरकार रयतेला कौल देतें. पेठेच्या बाबतींत तिसरा कौल आधीं मिळे, मग दुसऱ्या कौलांची गरज पडे. नवी पेठ वसवावयाची म्हणजे सरकारांतून लेखी अभयपत्र निघे. येणाऱ्या व्यापाऱ्यास व कारागिरास घरासाठीं जागा मिळे. ठरावीक वर्षें मोहतर्फा, म्हणजे धंद्यावरील कर, माफ असे किंवा सवलतीनें घेतला जाई. मुदत भरल्यावर आकार चढत्या क्रमानें बसे. पडीक जमीन लागवडीस आणणाऱ्या कुणब्यास जसा इस्तावा मिळतो, तशीच ही शहरी पडीकाची मशागत होती. ज्याला आज आपण पैसा लावणें म्हणतों, तो पैसा व्यापारी आणीत असे. पण त्याच्या आधीं सरकारला आपला शब्द लावावा लागे. पेढीवरचा वाणी आपला पसारा मोडून नव्या जागीं येतो, तो रस्त्याची रुंदी पाहून येत नाहीं. दिलेला शब्द फिरणार नाहीं अशी त्याची खात्री पटली तरच तो येतो.

दुसरी गोष्ट, पेठेचा जबाबदार माणूस. प्रत्येक पेठेस शेटे आणि महाजन नेमलेले असत. बाहेरगांवाहून उदमी आणून बसविणें, वजनें-मापें खरीं ठेवणें, व्यापाऱ्यांचे तंटे तोडणें आणि सरकारदेणें वेळेवर भरणें हें त्यांचें काम. त्याबद्दल त्यांना बाजारांतून हक्काचें उत्पन्न मिळे. म्हणजे पेठ भरली तर शेट्याचें घर भरलें, पेठ ओस पडली तर त्याचेंहि नुकसान. शहराच्या बाजूनें कोतवाल आणि त्याच्या चावड्या होत्या. घरांच्या खरेदी-विक्रीची नोंद, रस्त्यावरची दाटी, चोरांचा बंदोबस्त आणि रात्रीची तोफ झाल्यावर फिरणारांस अटकाव, हीं कामें तिकडे असत. कोतवालीच्या जुलमाच्याहि कथा पुण्यानें पाहिल्या आहेत. तरी एवढें म्हणतां येईल, कीं पेठेविषयीं तक्रार घेऊन कोणाच्या दारांत जावें हें रहिवाशाला ठाऊक होतें.

तिसरी गोष्ट पाणी. कौटिल्यानें नगररचना सांगतांना पूर्व-पश्चिम तीन आणि दक्षिणोत्तर तीन राजमार्ग सांगितले, तसेंच दर दहा कुळांमागें एक विहीर सांगितली. रस्ता आणि विहीर यांचा एकाच श्वासांत उच्चार करणारी ही दृष्टि पुण्यांतहि दिसते. नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत कात्रजच्या ओढ्यावर बंधारे घालून तेथील पाणी जमिनीखालच्या पक्क्या नळानें शहरांत आणलें. जागजागीं हवा खेळण्यासाठीं आणि गाळ काढण्यासाठीं उच्छ्वास ठेवले होते. दहा-एक किलोमीटरांवरून, कोणत्याहि यंत्राशिवाय, केवळ उताराच्या बळावर तें पाणी पेठापेठांच्या हौदांत येऊन पडे. पुढें नाना फडणिसांनीं सदाशिव पेठेच्या बाजूस निराळें पाणी आणून हौद बांधला. आज त्या हौदांपैकीं कांहीं बुजले, कांहींचीं नुसतीं नांवें चौकांना उरलीं. परंतु ज्या भागांत हौद होता त्या भागांत वस्ती दाट झाली, हें जुन्या पुण्याच्या गल्ल्यांतून हिंडणाऱ्यास अजून ओळखतां येतें.

चौथी गोष्ट अशी, कीं पेठेंत राहणें आणि मिळविणें यांची फारकत नव्हती. रस्त्याच्या अंगाला ओटा आणि दुकान, मागें चौक, वर माडी. खालीं हिशेबाची वही आणि वर पाळणा. कसब्यांतील तांबट आळींत हातोड्याचा नाद आणि घरसंसार एकाच छपराखालीं चालत आला. नारो आप्पाजी तुळशीबागवाल्यांनीं १७६१ च्या सुमारास बुधवार पेठेंत राममंदिराचें काम हातीं घेतलें. त्या मंदिराच्या आवारांत आणि भोंवतीं जो बाजार जमला, तो आज देखील पुण्यांतील बायकांच्या खरेदीचें ठिकाण आहे. देवदर्शन, खरेदी आणि चार माणसांची गांठभेट एकाच फेरींत होत असे. आधुनिक नगररचनाकार ज्याला मिश्र वस्ती म्हणतात, आणि जिच्यासाठीं मोठमोठीं पुस्तकें लिहितात, ती हीच. आपल्याकडे तिला निराळें नांव देण्याची गरज पडली नाहीं, कारण पेठ या शब्दांतच ती होती.

ही रीत सोलापुरासहि अपरिचित नव्हती. थोरल्या माधवरावांच्या नांवाची माधवपेठ तेथें वसली. तीच सांप्रतची मंगळवार पेठ. पुढें पूर्वभागांतील विणकरांच्या घरांतून माग आणि चूल शेजारीं शेजारीं नांदलीं. ज्या सोलापुरी चादरीनें शहराचें नांव देशभर नेलें, तिच्यामागें गिरण्यांइतकाच या घरांचा हात आहे.

परंतु येथें थांबून पेठेची आरती ओवाळणें हें इतिहासाला धरून होणार नाहीं. कौल कोणाला मिळत होता, हा प्रश्न विचारल्यावांचून ही हकीकत पुरी होत नाहीं. आळ्या जातवार होत्या. शहराची झाडलोट करणारांचीं आणि मेलेलीं ढोरें ओढणारांचीं घरें कडेला होतीं, आणि ज्या हौदांचें एवढें कौतुक आपण आतांच केलें, त्यांच्या पाण्याला त्यांचा स्पर्श चालत नव्हता. १८६८ सालीं जोतीराव फुले यांनीं गंज पेठेंतील आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठीं खुला केला. आज त्या पेठेस महात्मा फुले पेठ असेंच नांव आहे. नगररचनेच्या इतिहासांत या गोष्टीचा उल्लेख सहसा होत नाहीं. माझ्या मतें तो प्रथम व्हावयास पाहिजे. शंभर वर्षांपूर्वी पाणी पेठेंत आलें होतें. तें प्रत्येकाच्या घागरींत जावें, यासाठीं एका माणसाला आपल्या घरचें दार उघडावें लागलें. केवळ ठरावानेंहि हें होत नाहीं. महाडच्या नगरपालिकेनें १९२४ सालीं चवदार तळें सर्वांस खुलें असल्याचें ठरविलें होतें. तरी १९२७ च्या मार्चांत डॉ. आंबेडकरांना हजारों लोकांसह तेथें जाऊन पाणी प्यावें लागलें, तेव्हां त्या ठरावाला अर्थ आला, आणि त्याबद्दल लोकांना मारहि खावा लागला.

जुन्या पेठेचा दुसरा दोष सांडपाण्याचा. पाणी आणण्याची जितकी चिंता होती, तितकी तें बाहेर नेण्याची नव्हती. १८९६ सालीं मुंबईंत आणि पाठोपाठ पुण्यांत प्लेग आला, तेव्हां अंधाऱ्या खोल्या आणि कोंदट बोळ यांचा हिशेब एकदम चुकवावा लागला. मुंबईंत १८९८ सालीं सुधार मंडळ स्थापन झालें. त्यानें दाट वस्त्यांतून रुंद रस्ते काढले, आणि दादर-माटुंग्याकडे आंखीव वसाहती उभ्या केल्या. १९१५ सालीं मुंबई इलाख्यांत नगररचनेचा कायदा झाला; हिंदुस्थानांतील अशा प्रकारचा तो पहिलाच. पेठ वसविण्याची जुनी विद्या आणि आंखणीची नवी विद्या यांची गांठ येथें पडली.

ही गांठ घालण्याचा उत्तम प्रयत्न कोल्हापुरांत दिसतो. मिरज-कोल्हापूर लोहमार्ग १८९१ मध्यें सुरू झाला, आणि १८९५ सालीं शाहू महाराजांनीं स्थानकाजवळ शाहूपुरी ही नवी पेठ वसविली. गुळाच्या व्यापारासाठीं व्यापाऱ्यांना तेथें बोलावून आणलें. कोल्हापुरी गुळाचें नांव पुढें सर्वत्र झालें त्यांत या पेठेचा वांटा मोठा आहे. याच मार्गावर, १९१७ च्या सुमारास, महाराजांनीं आपले जनक पिते जयसिंगराव घाटगे यांच्या स्मरणार्थ जयसिंगपूर वसविलें. सरळ, एकमेकांस काटकोनांत छेदणारे रस्ते आणि क्रमांकांनीं ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या यांमुळें तें गांव आजहि आंखीव गांवाचा नमुना म्हणून दाखवितात. पण या राजाचें मोठेपण आंखणीपुरतें नव्हतें. १९१९ सालीं त्यांनीं सार्वजनिक विहिरी, धर्मशाळा, शाळा आणि दवाखाने येथें अस्पृश्यता पाळूं नये असें फर्माविलें. हुकूम काढून ते स्वस्थ बसले नाहींत. गंगाराम कांबळे या दलित गृहस्थानें कोल्हापुरांत भर रस्त्यावर चहाचें दुकान घातलें, तेव्हां महाराज तेथें गाडी थांबवून चहा घेत, आणि बरोबरच्या मंडळींसहि घ्यावयास लावीत. पेशव्यांचा कौल कागदावर लिहिलेला असे. हा कौल चहाच्या पेल्यांतून दिलेला होता. ज्याला दुकान चालवूं दिलें जात नाहीं त्याला भूखंड देऊन काय उपयोग, हें या राजानें बरोबर ओळखलें होतें.

आतां क्षणभर समुद्रापलीकडे पाहूं, कारण प्राचीन शहराला नवी वस्ती जोडण्याचा सर्वांत गाजलेला प्रयोग भूमध्यसमुद्राच्या कांठीं, स्पेनमधील बार्सिलोना शहरांत झाला. तें शहर रोमन काळापासूनचें. तटाच्या आंत वस्ती इतकी दाटली होती, कीं पटकीसारखे रोग तेथें ठाणें देऊन बसत. १८५४ पासून तट पाडण्यास आरंभ झाला, आणि बाहेरच्या मोकळ्या मैदानासाठीं इल्देफोन्स सेर्दा या इंजिनियरानें १८५९ सालीं नकाशा केला. सुमारें ११३ मीटर बाजूचे चौकोनी गाळे, त्यांचे कोपरे छाटलेले, मध्यें २० मीटर रुंदीचे रस्ते. या माणसानें नकाशा काढण्यापूर्वी मजुरांच्या घरीं काय शिजतें आणि भाड्यास काय पडतें याचे आंकडे गोळा केले होते. प्रत्येक गाळ्याच्या दोनच बाजूंना घरें असावीं आणि मधली जागा बागेसाठीं मोकळी राहावी, अशी त्याची कल्पना होती. वस्तीवस्तीला मंडई आणि शाळा त्याच्या नकाशांत होत्या.

नकाशा टिकला, बागा टिकल्या नाहींत. जमीनमालकांनीं चारी बाजूंनीं घरें चढविलीं, मधल्या अंगणांत कारखाने आणि गुदामें घातलीं, आणि नगरसभेला त्यांना आवरतां आलें नाहीं. सव्वाशें वर्षांनंतर, विसाव्या शतकाच्या अखेरीस, त्या शहरानें कांहीं अंगणें पुन्हां मोकळीं करून घेतलीं. दुकानें खालीं आणि घरें वर ही तेथील वहिवाट मात्र कायम राहिल्यामुळें तो भाग आजहि गजबजलेला आहे. आपल्या भाषेंत सांगावयाचें तर सेर्दाची आंखणी उत्तम होती, पण कौल कच्चा होता. अंगण कोणाचें आणि तें मोकळें ठेवण्याची जबाबदारी कोणाची, हें कोठेंच पक्कें झालें नव्हतें.

भूमध्यसमुद्र आणि आपली मराठी भूमि या दोहोंशीं संबंध आलेला एक पुरुष या विषयांत होऊन गेला, तो म्हणजे पॅट्रिक गेडिस. हा स्कॉटिश पंडित मूळचा वनस्पतिशास्त्रज्ञ. १९१४ सालीं तो हिंदुस्थानांत आला, आणि गांवोगांव पायीं हिंडून त्यानें अनेक शहरांचे अहवाल लिहिले. १९१९ ते १९२४ या काळांत तो मुंबई विद्यापीठांत समाजशास्त्राचा पहिला प्राध्यापक होता. त्याची जागा पुढें मालवणचे डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनीं घेतली. दाट वस्तींतून रुंद रस्ता काढण्यासाठीं शेंकडों घरें पाडण्याची जी पद्धत त्या वेळीं रूढ होती, तिला त्याचा विरोध होता. घर पाडलें म्हणजे गरीब माणूस नाहींसा होत नाहीं, तो शेजारच्या खोलींत जाऊन गर्दी वाढवितो, असें त्याचें म्हणणें. एखादें मोडकें घर काढावें, तेथें चौक करावा, झाड लावावें, बोळ थोडा सरळ करावा, अशी बेताची शस्त्रक्रिया तो सुचवी. डांसांच्या भयानें जुनीं तळीं बुजविण्याचा सल्ला इतर देत, तेव्हां तळ्यांत मासे सोडा पण तळें राखा, असें तो सांगे. अंगणांतल्या तुळशीवृंदावनाकडे तो आदरानें पाहत असे. घर स्वच्छ ठेवण्याची सवय लावणारी ती संस्था आहे, असें त्याला वाटे.

होळकरांच्या इंदुरांत त्यानें जें केलें तें सांगण्यासारखें आहे. शहरांत प्लेगचें भय होतें, आणि नगररचनेचा साहेब आला म्हणजे घरें पडणार, अशी लोकांची समजूत होती. गेडिसनें दिवाळीची मिरवणूक योजिली, आणि ज्या रस्त्यावरचे लोक आपलीं घरें सर्वांत चांगलीं झाडून, दुरुस्त करून ठेवतील, त्या रस्त्यानें ती जाईल असें जाहीर केलें. गाडेच्या गाडे भरून कचरा शहराबाहेर गेला. मिरवणुकींत घाणीचा राक्षस आणि प्लेगचा प्रचंड उंदीर होता, आणि शेवटीं त्यांचें दहन झालें. त्याचा इंदूरचा अहवाल १९१८ सालीं प्रसिद्ध झाला, पण नागरिकांनीं तो आधींच हातांतील झाडूनें वाचला होता. नकाशा करणाराबद्दल लोकांच्या मनांतील भीति गेली, हें त्या मिरवणुकीचें खरें फळ.

हाच गेडिस १९२५ सालीं भूमध्यसमुद्राच्या कांठीं, जाफा या प्राचीन बंदराला लागून वाढणाऱ्या तेल अवीवची आंखणी करीत होता. मोठे रस्ते बाहेरून, आंत अरुंद शांत गल्ल्या, आणि मध्यें सामायिक बाग, अशी ती योजना. त्या वस्तीचा समावेश २००३ सालीं जागतिक वारशांत झाला. पण शेजारच्या जाफांतील बहुतेक अरब रहिवासी १९४८ च्या युद्धांत परागंदा झाले. दोन शेजारी समाजांत विश्वासाचा कौल नसला, तर सुंदर बागाहि त्यांना एकत्र ठेवूं शकत नाहींत, ही या हकीकतीची दुसरी बाजू आहे.

या सर्वांतून दुधनीसारख्या गांवानें काय घ्यावें? पुण्याचे हौद तेथें नेतां येणार नाहींत, बार्सिलोनाचे चौकोन तर नाहींतच. पण विचारण्याचे प्रश्न नेतां येतात. नवीन वस्तीचा नकाशा समोर येईल तेव्हां पहिला प्रश्न पाण्याचा असावा: सोलापुराकडचा हा प्रदेश अवर्षणाचा, उन्हाळ्यांत या भूखंडांना पाणी कोठून येणार, आणि वापरलेलें पाणी कोठें जाणार? दुसरा प्रश्न धंद्याचा: तळमजल्यावर शिंपी, लोहार, गिरणीवाला यांना बसावयास परवानगी आहे काय, कीं पीठ दळून आणण्यासाठीं म्हातारीनें स्थानकापलीकडे जावें? तिसरा प्रश्न मोकळ्या जागेचा: बागेसाठीं आणि शाळेसाठीं ठेवलेला तुकडा कोणाच्या ताब्यांत राहणार, आणि तो बळकावला गेला तर कोणाच्या दारांत जावयाचें? आणि चौथा प्रश्न सर्वांत अवघड. भूखंड मागावयास आलेल्या माणसाचें आडनांव ऐकून किंमत बदलते काय? मराठी बोलणारा आणि कानडी बोलणारा, लिंगायत आणि मुसलमान, मातंग आणि मारवाडी, हे एकाच गल्लींत घर घेऊं शकतात काय?

१९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमानें विकास आराखडा लोकांपुढें ठेवून त्यावर हरकती आणि सूचना मागविण्याची सोय केली आहे. ही सोय म्हणजे आजच्या काळांतील कौल मागण्याची वेळ होय. पूर्वी कौल सरकार देई आणि रयत घेई. आतां तो एकमेकांस द्यावयाचा आहे. परंतु नगरपरिषदेच्या भिंतीवर आराखडा लागतो, तेव्हां आपल्या भूखंडावरून रस्ता जातो कीं नाहीं एवढेंच पाहून बहुतेक लोक परत फिरतात. जो तुकडा कोणाच्याच नांवावर नाहीं, त्याची हरकत घेण्यास कोणी पुढें येत नाहीं. आणि नेमका तोच तुकडा पुढें नाहींसा होतो.

पेठ वसली हें ओळखण्याची एक साधी खूण आहे. संध्याकाळीं दिवेलागणीला तेथें उंबऱ्यावर माणसें बसलेलीं दिसावीं, दुकानाचा दिवा रस्त्यावर पडलेला असावा, आणि परक्या माणसानें पत्ता विचारला तर दोघां-चौघांनीं तो सांगावयास पुढें यावें. ही खूण नकाशांत काढतां येत नाहीं. तिच्यासाठीं लागणारें पाणी, काम आणि सर्वांना सारखा मिळणारा शब्द मात्र आधीं ठरवितां येतो. एवढें ठरलें, म्हणजे शेतांतल्या पांढऱ्या दगडांच्या जागीं पेठ उभी राहण्यास फार वर्षें लागत नाहींत.